अनुभव धागा: धाकधूक तुम्हाला कधी आणि कशी होते?

निकाल असो, हप्ता असो नाहीतर सासूबाई यायच्या असोत, हल्ली सगळ्याला 'टेन्शन' म्हणून मोकळं होतो आपण. हा धागा फक्त धाकधुकीसाठी. माझ्या मते तिच्यापुढे एक ठरलेली वेळ असते. निकाल लागला, मुलाखत आटोपली की ती ओसरते. शिवाय ती आपण करत नाही, ती होते. 'काळजी करू नकोस' असं सगळेच म्हणतात, 'धाकधूक करू नकोस' कुणी म्हटलेलं ऐकलंय? येऊ द्या अनुभव.

रात्रपाळी: मी वॉर्डात काम करते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री 'भीती वाटते' असं मोठी माणसं सहसा म्हणत नाहीत. 'सिस्टर, जरा धाकधूक होतेय' म्हणतात. 'जरा' हवंच! एक आजोबा चष्म्याची डबी सारखी उघडत-मिटत बसले होते. बीपी घेतलं, म्हटलं, "छान आहे की." तर हळूच म्हणाले, "माझं राहू द्या, हिचं बघा." आजी शेजारी स्टुलावर, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

दुसरा बाक: मला छातीत नाही, पोटात होते. अ‍ॅड्रेनॅलिन वाढलं की पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, म्हणून गोळा येतो. हे कळून काडीचा फरक पडला नाही. भाषणाआधी बाथरूमच्या फेऱ्या ठरलेल्याच.

वाचनमात्र: हुरहूर आणि धाकधूक यांत गल्लत नको. तुकोबांच्या अभंगात आईला चुकलेलं बाळ 'हुरुहुरु' पाहतं. तिथे ओढ आहे. लेक परगावी गेली की हुरहूर लागते, रात्री तिचा फोन लागेना की धाकधूक सुरू.

अनामिक: मीही बरीच वर्षं धाकधूकच म्हणत आले. पण माझ्या धाकधुकीला निकालाची तारीखच नव्हती. सकाळी डोळे उघडायच्या आत ती हजर. घरचे विचारायचे, "अगं, पण कशाची?" काय सांगणार! शब्द इतका घरगुती, की डॉक्टरकडे जावं असं कुणाला वाटलंच नाही, मलाही नाही. शेवटी गेले. त्यांनी विचारलं, गेल्या सहा महिन्यांत बहुतेक दिवस असेच गेले का? झोप कशी आहे? मान, खांदे आखडतात का? सगळ्याला हो. सहा महिने हा निदानाच्या निकषांपैकी एक असतो, हे तेव्हा समजलं. आता गोळ्या आणि समुपदेशन, दोन्ही चालू आहे. फरक आहे.

धागाकर्ती: लिहिलंत ते फार बरं केलंत. मग याला काय म्हणायचं, घोर?

अनामिक: घोर कुणाचा तरी, कशाचा तरी लागतो हो. मुलाचा, कर्जाचा. माझ्याकडे तेवढंही नव्हतं. मी सरळ 'चिंताविकार' म्हणते. घरच्यांना अजून तो शब्द जड जातो, ते 'तुझं ते' म्हणतात.