काढा, पुड्या, माळ: डॉक्टरांना सांगता का?

चाफेकळी: काल बाबांना दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषधं चालू?" बाबा म्हणाले, "काही नाही." कोविडपासून रोज अनशापोटी गुळवेलीचा काढा घेतात! बाहेर आल्यावर म्हणे, "ते काय औषध आहे का? झाडपाला तो."

एकदम आजी आठवली. माझ्या काविळीत तिने गळ्यात माळ घातली होती. बेंबीपर्यंत लांबली की कावीळ उतरली. आणि बजावलेलं, डॉक्टरांपुढे माळ फ्रॉकच्या आत घाल. तुमच्याकडे काय लपवतात? लिहा ना.

रानवारा: ओल्या कांड्या वाळून आखडतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळेला.

सुगरण_काकू: आम्हाला महिनाभर उसाचा रस आणि फुटाणे. अजून फुटाणे बघवत नाहीत. मुलगा आला शाळेतून, नंतर लिहिते

निळाई: सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी कुणीतरी पुड्या आणून दिल्या. आठ दिवसांत जिना चढायला लागल्या, आम्ही खूश. तीन महिन्यांनी चेहरा सुजला, साखर ३०० च्या वर. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉईड असणार. एकदम बंदही करू दिल्या नाहीत, हळूहळू कमी केल्या. पुडीवर नाव नाही, काही नाही. फार रडले मी तेव्हा. आणून मीच देत होते.

रानवारा: निळाई, तुझा काय दोष गं. कुणालाही फरकच दिसला असता.

महाडकर: विंचू चावला की आमच्याकडे आधी मांत्रिक. लहानपणी शेजारचा पोरगा तसाच गेला. पुढे महाडलाच डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रक्तदाबाची प्राझोसिन गोळी विंचूदंशावर वापरून किती जीव वाचवले. वेळेत पोचायला मात्र हवं.

पारिजात: गुळवेलीबद्दल: २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, दुसरीच वेल असेल म्हणाले. भांडण त्यांचं चालू दे, पण बाबांची एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घे. मी स्वतः आयुर्वेदिक औषध घेते, वैद्यांकडून, आणि दोन्हीकडे दोन्ही चिठ्ठ्या दाखवते.

सुगरण_काकू: आले. २०२० मध्ये सोसायटीत कोविड होऊ नये म्हणून आर्सेनिकम अल्बमच्या होमिओपॅथिक गोळ्या वाटल्या होत्या, आठवतं? आमचे हे त्या घेऊन बिनमास्कचे बाजारात. केवढी भांडले मी!

निळाई: काकू, आमच्याकडेही सेम

चाफेकळी: पारिजात, आज फोन केला. डॉक्टर अजिबात रागावले नाहीत. काढा थांबवा, सोमवारी रक्त द्या म्हणाले, आणि वेलीचा तुकडाही आणायला सांगितलाय. बाबा स्वतः तोडून पिशवीत भरून बसलेत.

सुगरण_काकू: बाबांना नमस्कार सांग गं. सोमवारी कळव.