घरच्या रास्पबेरी पायवर (छोट्या संगणकावर) फीड वाचायचं फ्रेशआरएसएस आहे, पुण्याहून वाचायचंय, पण दार उघडं न टाकता

दुसरा_मजला:
मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, घरून मुद्रितशोधन करते. संगणकातलं जे येतं ते पडत-झडत शिकलेलं आहे, तेव्हा उत्तर देताना जरा धीर धरा.

ब्लॉग-साइटांचे नवे लेख (त्यांची फीड) एका जागी वाचायची सेवा, गूगल रीडर, १ जुलै २०१३ ला बंद झाली, तेव्हापासून फीडच्या बाबतीत मी भाडेकरूच. एका सेवेत बिऱ्हाड मांडायचं, त्यांनी फुकटातली फीड कमी केली की फीडच्या यादीची ओपीएमएल फाइल काखोटीला मारून पुढच्या दारात. शेवटी कंटाळून रास्पबेरी पाय ४ घेतला आणि त्यावर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) फ्रेशआरएसएस बसवलं. १३७ फीड आहेत. त्यातला एक ब्लॉग फक्त दिवाळीत हलतो, पण हलला की मला कळलं पाहिजे! घरात सगळं झकास चालतं. डबा टीव्हीमागे पडून असतो.

पण आई पुण्यात एकटी असते आणि महिन्यातले दहाएक दिवस मी तिच्याकडे. तिथून वाचता यावं म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून आत यायला वाट उघडली. जमलं, खूश झाले. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता सहज लॉग उघडला, तर रात्री २ वाजून ११ मिनिटांपासून कुणीतरी 'डब्ल्यूपी-लॉगिन डॉट पीएचपी' मागतंय. ते नाही मिळालं तर 'डॉट ईएनव्ही'. मग 'पीएचपीमायअ‍ॅडमिन'. पाच-सहा वेगवेगळ्या पत्त्यांवरून, पहाटेपर्यंत. माझ्याकडे ह्यातलं काहीच नाही, तरी वाड्याच्या दिंडीची कडी कुणी रात्रभर हलवत बसावं तसं वाटलं. त्यात सगळं साध्या एचटीटीपीवर, म्हणजे पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. पोर्ट तिथल्या तिथे बंद केला.

मग इंटरनेटची कंपनी बदलली. आता प्रयोग म्हणून पोर्ट उघडला तरी बाहेरून काहीच पोचत नाही. राउटर वॅन आयपी (त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.७२ ने सुरू होणारा दाखवतो, आयपी सांगणारी साइट भलताच दाखवते. कस्टमर केअरवाला म्हणतो, "मॅडम, राउटर रिस्टार्ट करा." तीनदा केला.

मला बाहेरून वाचता यावं आणि कडी हलवणारा दारापर्यंत पोचूच नये, असं काही होतं का? फोनवरचं अ‍ॅपही चालायला हवं, ब्राउझरमध्ये मला वाचवत नाही.

तारवाला:
ताई, त्या राउटरला आता विश्रांती द्या. १००.६४ ते १००.१२७ ह्या पट्ट्यातला पत्ता म्हणजे सीजीनॅट. आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नाहीत, म्हणून कंपनी बऱ्याच गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. तुम्ही आपल्या खोलीचं दार उघडलंत, पण चाळीचा दरवाजा कंपनीच्या हातात आहे.

तुमच्यासाठी टेलस्केल, म्हणजे आपल्याच यंत्रांना आपसांत जोडणारं खाजगी जाळं. पायवर आणि फोनवर एकाच खात्यानं बसवा. दोन्ही यंत्रं आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही आणि राउटरवर एकही पोर्ट उघडावा लागत नाही. (ह्याचे पत्तेही १००च्याच पट्ट्यातले असतात, गोंधळू नका.) त्यातलं 'सर्व्ह' चालू केलं की एचटीटीपीएससकट पत्ता मिळतो, फक्त तुमच्या यंत्रांपुरता. त्याचा भाऊ 'फनेल', त्याला हात लावू नका. तो तेच पान साऱ्या जगापुढे मांडतो. यंत्राला घराचं किंवा स्वतःचं नाव देऊ नका, प्रमाणपत्राबरोबर ते सार्वजनिक नोंदीत जातं.

दोन खड्डे सांगतो, दोन्हींत मी पडलोय. एक, टेलस्केलची किल्ली (यंत्राचं ओळखपत्र) मुळात १८० दिवसांनी संपते. पायपुरती ती मुदत आजच बंद करा, नाहीतर नेमकी तुम्ही पुण्यात असताना संपेल. दुसरा, डॉकर यूएफडब्ल्यू फायरवॉलला जुमानत नाही, उघडलेला पोर्ट त्याला वळसा घालून जातो. डॉकरच्या पोर्टच्या ओळीत '८०८०:८०' च्या जागी '१२७.०.०.१:८०८०:८०' लिहा, म्हणजे तो पोर्ट पायच्या आतूनच दिसतो.

अ‍ॅपसाठी फ्रेशआरएसएसमध्ये एपीआयला (दुसऱ्या अ‍ॅपनं त्याच्याशी बोलायची वाट) परवानगी द्या आणि प्रोफाइलमध्ये एपीआयचा वेगळा पासवर्ड ठेवा. अ‍ॅपला जो पत्ता द्यायचा त्याच्या शेवटी येतं 'जीरीडर डॉट पीएचपी'. होय, तेच गूगल रीडर. दुकान केव्हाच बंद झालं, पण अ‍ॅप आणि सर्व्हर अजून त्याच बोलीत बोलतात.

खुंटीवरची_किल्ली:
सगळं बरोबर, पण ताईंचं भाडेकरूपण गेलं कुठे? घर स्वतःचं आणि किल्ली दुसऱ्याच्या खुंटीला! टेलस्केलच्या आत वायरगार्डच (खाजगी जोडणीचं सॉफ्टवेअर) आहे, मग थेट तेच वापरा. स्वस्तातला व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घ्या, त्यावर वायरगार्ड, यूडीपी ५१८२० एवढा एकच पोर्ट उघडा. पायवर 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, म्हणजे सीजीनॅटमधली वाट बुजत नाही. अनोळखी पाकिटाला वायरगार्ड उत्तरच देत नाही, कडी हलवणाऱ्याला तिथे दार आहे हेसुद्धा कळत नाही.

तारवाला:
आणि त्या व्हीपीएसचे अपडेट ताई पुण्यात आईच्या औषधाच्या वेळा सांभाळून करणार? तुमचं चूक नाही हो, पण आधी त्यांचं वाचन सुरू होऊ द्या.

तळमजला_समा:
माझा डबा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुरात गेला, म्हणून बोलतोय. माझ्याकडे फक्त ओपीएमएल होती. तीत फीडची यादी येते, तारा (स्टार) लावून ठेवलेले लेख नाहीत. सहा वर्षांचे गेले. फ्रेशआरएसएसचा स्वतःचा डेटाबेस बॅकअप आहे, तो वापरा. चालू एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल नुसती कॉपी कराल तर कधी अर्धवट येते. आणि ती प्रत बडोद्याबाहेर ठेवा. तुमच्या आईंकडेच ठेवा की!

दुसरा_मजला:
पुण्याहून लिहितेय. टेलस्केलनं चाललं. अ‍ॅपमध्ये मी तासभर नेहमीचाच पासवर्ड टाकत बसले होते, एपीआयचा वेगळा हे वाचूनही. किल्लीदादा, तुमचं म्हणणं टोचलं. व्हीपीएस दिवाळीनंतर बघते. तळमजलादादा, बॅकअप आईच्या कपाटात ठेवलाय, पेन ड्राइव्हवर, तिच्या पासबुकांशेजारी.

काल दुपारी मात्र दोन तास काहीच उघडेना. किल्लीची मुदत, प्रमाणपत्र, सगळं तपासलं. शेवटी घरी फोन केला, तर सासूबाईंनी इस्त्रीसाठी टीव्हीमागचा प्लग काढला होता.