इथिओपियातील फिस्टुलावरील मोफत उपचार

प्रश्न: अडलेल्या बाळंतपणामुळे मूत्राशयाला छिद्र (फिस्टुला) पडून सतत लघवी गळत राहणाऱ्या ग्रामीण स्त्रियांवर आदिस अबाबात मोफत शस्त्रक्रिया होते, असे वाचले, पण ही इजा मुळात टाळता येते का?

प्रतिसाद १: निश्चित येते. बाळाचे डोके दीर्घकाळ अडकून राहिल्याने आईच्या ऊतींचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्या मरतात. वेळेवर सिझेरियन झाले तर ही वेळ सहसा येत नाही. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन या डॉक्टर दांपत्याने १९७४ मध्ये ते रुग्णालय उभारले, तर २००७ मध्ये प्रसाविकांचे महाविद्यालय सुरू झाले.

प्रतिसाद २: देणगी देताना त्या महाविद्यालयाचा विचार आधी व्हावा, असे मला वाटते. बऱ्या झालेल्या काही स्त्रिया त्या रुग्णालयातच रुग्णसेवा करू लागल्या, हीही फार मोलाची गोष्ट आहे.