तुर्कतंतू: यातला 'तुर्क' कुठला?

प्रश्न (कोल्हापूर): मुलगी दहावीला आहे. पेशीविभाजनाचा धडा वाचताना 'तुर्कतंतू'पाशी अडली. तुर्कस्तानाशी काही संबंध आहे का, विचारते. आणि संघनन म्हणजे वाफेचं पाणी होणं ना? मग गुणसूत्रांचं संघनन कसलं?

प्रतिसाद: ताई, तुर्कस्तानाचा काडीचाही संबंध नाही. संस्कृतात तर्कु म्हणजे सूत कातायची चाती. 'तुर्क' हे त्याचंच बदललेलं रूप दिसतं. 'तर्कुतंतू'च लिहायला हवं होतं, एका उकारानं पोरं भलतीकडं जातात. आपल्या जिल्ह्यात तर हा शब्द कळायला अवघड नाही. इचलकरंजीकडं सूतगिरणी केवढी, हे चात्यांवरच सांगतात. सूत भरलेली हातकताईची चाती बघा: मधे फुगीर, टोकांना निमुळती. पेशीच्या दोन ध्रुवांमधल्या तंतूंचा आकार तसाच असतो. ते पूर्वावस्थेतच, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या टप्प्यातच, तयार व्हायला लागतात, पण गुणसूत्रांना धरतात ते केंद्रकावरण, म्हणजे केंद्रकाभोवतीचं आवरण, फुटल्यावर. पेशीविभाजनाच्या या प्रकाराचं 'सूत्री विभाजन' हे नाव मात्र चपखल आहे. वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ साली धाग्याच्या ग्रीक शब्दावरूनच 'मायटोसिस' हे मूळ नाव ठेवलं.

प्रतिसाद: मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. संघननाचा घोटाळा दरवर्षी होतो. इथं वाफेसारखी अवस्था बदलत नाही. माणसाच्या एका पेशीतल्या गुणसूत्रांतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरेल. तो तसाच दोन्हीकडं ओढला तर गुंतेल, तुटेल. म्हणून प्रथिनांच्या आधारानं तो वळत, दुमडत आखूड आणि जाड होतो. वर्गात मी 'घट्ट वळणं' म्हणते, लगेच कळतं. त्याची नक्कल मात्र आधीच, विभाजन सुरू होण्यापूर्वी झालेली असते. पूर्वावस्थेत गुणसूत्रं दुप्पट होतात, असं पुष्कळ मुलं लिहितात, ते चूक. तेव्हा फक्त जोडीची अर्धगुणसूत्रं, म्हणजे नकलेतून झालेल्या दोन सारख्या प्रती, दिसू लागतात, गुणसूत्रबिंदू या सांध्यापाशी जोडलेली. जमलं तर मुलीला कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवा. काही पेशींत गडद धाग्यांचा गुंडा दिसेल, तीच पूर्वावस्था. तारककेंद्र (प्राणिपेशीत तुर्कतंतू जिथून निघतात ते) शोधायला सांगू नका, कांद्याच्या पेशीत ते नसतं.

प्रश्न: खूप आभार मॅडम. केंद्रकावरण 'नाहीसे होते' लिहिलंय. ते जातं कुठं?

प्रतिसाद: कुठंच नाही. त्याचे तुकडे पेशीतच विखुरतात आणि अंत्यावस्थेत, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, त्यांतून दोन नवी आवरणं जुळतात. माझ्या मते 'विखुरते' हाच नेमका शब्द. पेपरात मात्र पुस्तकातला शब्द लिहू दे, मार्क जायला नकोत.