स्ट्रिंगमध्ये अक्षर शोधायला लूप कशाला? स्ट्रसीएचआर आधी शिकवा

धागाकर्ता:
सी भाषेच्या प्रॅक्टिकलला अजूनही तेच: 'लायब्ररी फंक्शन न वापरता स्ट्रिंगमधलं अक्षर शोधा.' मुलं फॉर लूप पाठ करतात आणि अटीतच स्ट्रलेन (स्ट्रिंगची लांबी मोजणारं फंक्शन) लिहितात. कंपायलरने सावरून घेतलं नाही, तर दर फेरीला अख्खी स्ट्रिंग पुन्हा मोजली जाते. स्ट्रसीएचआर (strchr), म्हणजे स्ट्रिंगमध्ये अक्षर शोधून त्याचा पत्ता देणारं तयार फंक्शन, १९८९ च्या मानकापासून सीमध्ये आहे. ग्नू सी लायब्ररीतली आवृत्ती इंटेल-एएमडी प्रोसेसरवर एका दमात १६ किंवा ३२ बाइट तपासते. मग पोरांना चाकाचा शोध पुन्हा का लावायला सांगायचा?

लूपवाला:
अजिबात पटलं नाही. लूप लिहिल्याशिवाय स्ट्रिंग संपल्याची खूण, म्हणजे शेवटचा शून्य बाइट, डोक्यात बसत नाही. उत्तर 'वाय' किंवा 'एन' आहे का हे बघायला मुलं "yn" या स्ट्रिंगवर स्ट्रसीएचआर चालवतात. शोधायच्या अक्षराच्या जागी शून्य असेल तरी 'सापडलं' येतं, कारण तो शेवटचा शून्यही शोधात धरला जातो. हे पाठांतराने कसं कळणार?

धागाकर्ता:
एका वाक्यात सांगता येतं की! नल (न सापडल्याची खूण) आला का ते आधी बघा, मग मिळालेल्या पॉइंटरमधून (पत्त्यातून) स्ट्रिंगची सुरुवात वजा करा, इंडेक्स हातात.

फर्मवेअर:
सिरियल पोर्टवरून आलेल्या बफरला शेवटी शून्य असेलच असं नाही. तिथे स्ट्रसीएचआर हद्द ओलांडून वाचत सुटते. दिलेल्या लांबीपुरतंच शोधणारी मेमसीएचआर वापरा.

लूपवाला:
आणि मराठी मजकुराचं काय? यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये 'म' म्हणजे तीन बाइट, सोळाच्या पायावरच्या अंकांत: ई०, ए४, एई. एकेरी अवतरणात 'म' लिहून स्ट्रसीएचआरला दिला, तर जीसीसी कंपायलर इशारा देऊन पुढे जातो आणि शोध फक्त एई या शेवटच्या बाइटचा होतो. आता '८' बघा: ई०, ए५, एई. म्हणजे "८ आंबे" मध्ये 'म' नसताना सापडतो! बाइट-बाइट चालणारा लूप स्वतः लिहिलेल्या मुलाला हे लगेच दिसेल.

धागाकर्ता:
त्यावर उपाय लूप नाही, स्ट्रस्ट्र (स्ट्रिंगमध्ये दुसरी स्ट्रिंग शोधणारं फंक्शन) आहे. "म" दुहेरी अवतरणात द्या, तिन्ही बाइट एकत्र जुळतील. हे उदाहरण मात्र उद्याच फळ्यावर लिहितो, स्ट्रसीएचआर शिकवून झाल्यावर.

लूपवाला:
आधी लिहा. बाइट छापणारा लूप लागेलच.