मदत हवी आहे: केओएचमध्ये गोल पेशी, पण चाचण्या मॅलॅसेझिया सिम्पोडियालिसकडे बोट दाखवतात

मॅलॅसेझिया या त्वचेवरच्या यीस्टमुळे होणाऱ्या शिब्याच्या एका नमुन्यावर तीन आठवडे अडून बसलो आहे. त्वचेच्या खवल्यांच्या केओएच माउंटमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली) गोल पेशींचे झुबके आणि आखूड, जाड तंतू स्वच्छ दिसले, म्हणून मी ग्लोबोसा ही मॅलॅसेझियाची प्रजाती धरून चाललो होतो.

मॉडिफाइड डिक्सन अगारवर (तेल घातलेलं वाढीचं माध्यम) ३२ अंशांना छान वाढ आली. तेल नसलेल्या साध्या साबुरो अगारवर पहिल्यांदा पुसटशी वाढ दिसली, तिथूनच पुन्हा साबुरोवर नेल्यावर काहीच नाही. पहिल्या वेळी डिक्सनमधलं तेल सोबत आलं असणार, त्यामुळे तेलाशिवायही वाढणारी पॅकिडर्मॅटिस बाद. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टाकताच फेस आला, म्हणजे कॅटलेज हे विकर आहे, म्हणून ते नसलेली रेस्ट्रिक्टाही बाद. पण एस्क्युलिनची नळी (यीस्टने हे संयुग फोडलं की काळी पडते) २४ तासांत काळीकुट्ट झाली आणि ३७ अंशांना वाढ जोमदार! ग्लोबोसा या दोन्हींतलं काहीच करत नाही.

ट्वीनच्या प्लेटवर (ट्वीन आणि क्रेमोफोर या मेदयुक्त रसायनांपैकी यीस्टला कोणती चालतात ते इथे कळतं) ४०, ६० आणि ८० च्या भोकांभोवती दाट वाढ आहे, क्रेमोफोर ईएलभोवती नाही. ट्वीन २० ने मात्र घोळ घातलाय: भोकाला लागून मोकळी जागा आणि जरा लांब बारीक कडं. हे कडं पॉझिटिव्ह धरायचं का? फरफर या प्रजातीमध्येही ट्वीन २० जवळ वाढ दबते, पण एस्क्युलिन इतकं काळं आणि क्रेमोफोर कोरं, म्हणून माझा कल सिम्पोडियालिसकडे आहे. डर्मॅटिस (आणखी एक प्रजाती) या चाचण्यांत जवळजवळ असाच वागतो, याची कल्पना आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. काल पहिली प्लेट पुन्हा काढून पाहिली. मोठ्या, गुळगुळीत कॉलन्यांच्या आडोशाला चारदोन लहान, खरबरीत, सुरकुतलेल्या कॉलन्या होत्या. त्यांतल्या पेशी अगदी गोल, कळी अरुंद देठावर. सबकल्चरला मी मोठी कॉलनी उचलली होती. म्हणजे नमुना मिश्र होता आणि सगळ्या चाचण्या मी भलत्याच यीस्टवर केल्या, असंच ना?

लहान कॉलनी दोनदा वेगळी करून पाहिली, दोन्ही वेळा गुळगुळीत वाढीने तिला झाकून टाकलं. ग्लोबोसा प्लेटवर फार दिवस जगत नाही, त्यामुळे हातात वेळ कमी आहे. थेंबभर ट्वीन ८० घातलेल्या निर्जंतुक पाण्यात गुठळ्या फोडून, खूप पातळ करून पसरवलं तर जमेल का? कुणी ही जोडी वेगळी केली असेल तर नेमकं कसं केलं, ते सांगा. आणि तोवर अहवालात फक्त वाढलेली प्रजाती लिहू, की केओएचमधल्या गोल पेशींचीही नोंद करू?