मदत हवी आहे : फोटोची तारीख राहावी, पण जागा कळू नये

घरच्या आणि मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी रोजचे साधे फोटो टाकते. दुपारचं ताट, टाकळ्याची भाजी, पावसात रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर दिसलेली फुलं. यंदा पांढरीशुभ्र दीपकाडी भरभरून फुललीय! ती मुख्यतः कोकणच्या कातळावर उगवते आणि लोक कंद उपटून नेतात, म्हणून तिची नेमकी जागा बाहेर जाऊ द्यायची नाही.

नेहमीसारखा फोटो पाठवला की लोकेशन निघून जातं, पण तारीखही पुसली जाते, पाकळ्याही धूसर होतात. एचडीत फोटो बरा जातो, पण तारखेचं तेच. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सगळं शाबूत, लोकेशनसकट. स्क्रीनशॉटवर तारीख त्या दिवसाची पडते.

कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा, असं कृपया सुचवू नका. माझ्या नोंदींसाठी मूळ फोटोत ते हवंच आहे. फोन अँड्रॉइड, कॉम्प्युटर नाही, आणि फोटोवर तारखेचा शिक्का नको.

मूळ फोटोला धक्का न लावता, एकदम बऱ्याच फोटोंच्या प्रतींमधून फक्त लोकेशन काढणारं, तारीख जशीच्या तशी ठेवणारं एखादं मोफत अ‍ॅप कुणी स्वतः वापरलंय का?